पुनरारंभ आणि अपराधभाव : स्पायडर-मॅन चित्रपटमालिकेतील बेन पार्करच्या मृत्यूची चिकित्सा

प्रास्ताविक

एखादी चालू चित्रपटमालिका मध्येच थांबवून तीच कथा नव्या नटसंचासह मुळापासून पुन्हा सांगण्याच्या प्रथेला ‘रिबूट’ असे म्हटले जाते. ही संज्ञा संगणकाच्या व्यवहारातून चित्रपटसृष्टीत आली. अडलेले यंत्र बंद करून पुन्हा चालू केले असता त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत साठलेले सारे पुसले जाते आणि यंत्र पूर्ववत् काम करू लागते. मराठीत या संज्ञेसाठी ‘पुनरारंभ’ हा शब्द योजता येईल व प्रस्तुत लेखात तोच योजला आहे. मात्र रूपक म्हणून मूळ संज्ञा सदोष आहे, हे प्रारंभीच नोंदविले पाहिजे. यंत्राची स्मृती पुसली जाते. प्रेक्षकाची पुसली जात नाही. पुनरारंभाचा चित्रपट पाहावयास आलेला प्रेक्षक जुना चित्रपट मनात घेऊनच आलेला असतो.

उत्तरभागात कथा पुढे सरकते. पुनर्निर्मितीत एखादा जुना चित्रपट नव्या काळात नव्याने घडविला जातो. पुनरारंभाचा करार याहून वेगळा असतो. आधीच्या भागांत जे घडले ते घडलेच नाही असे मानावयाचे आणि नायकाच्या जन्मकथेपासून पुन्हा सुरुवात करावयाची, असे त्याचे स्वरूप असते. केवळ नट बदलणे म्हणजे पुनरारंभ नव्हे. ‘नटसम्राट’मधील बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केली. तेथे संहिता शिरवाडकरांचीच राहिली आणि रसिक नटानटांतील भेद पाहावयास गेले. पुनरारंभात संहिताच बदलते आणि तरीही कथा तीच आहे असा दावा केला जातो. हा दावा कोणत्या निकषावर तपासावा, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या चर्चेसाठी स्पायडर-मॅनची चित्रपटमालिका विशेष उपयुक्त ठरते. २००२ ते २०१७ या पंधरा वर्षांत ही मालिका तीन वेळा, तीन वेगवेगळ्या नटांना घेऊन सुरू झाली. या सर्व फेऱ्यांच्या मुळाशी एका सामान्य, वृद्ध गृहस्थाचा मृत्यू आहे. बेन पार्कर हा नायकाचा काका एका भुरट्या चोराच्या गोळीने मरतो. तो का मरतो आणि त्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक फेरीत बदलत गेले आणि त्या त्या फेरीचे बरेवाईट मुख्यतः त्या उत्तरावर ठरले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ कथा : न केलेल्या कृतीचा अपराध

स्पायडर-मॅन हे पात्र ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फॅन्टसी’ या नियतकालिकाच्या पंधराव्या अंकात प्रथम अवतरले. लेखन स्टॅन ली यांचे व चित्रे स्टीव्ह डिटको यांची. अवघ्या अकरा पानांच्या या कथेत पीटर पार्कर नावाचा, वर्गमित्रांच्या चेष्टेचा विषय झालेला अनाथ मुलगा किरणोत्सर्गी कोळ्याच्या दंशामुळे अद्भुत शक्ती मिळवितो. या शक्तीचा पहिला उपयोग तो पैसा आणि प्रसिद्धी मिळविण्यासाठी करतो. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमानंतर एक चोर त्याच्यासमोरून पळून जातो. मागून धावणारा पोलीस त्याला चोरास अडविण्यास सांगतो. पीटर अडवीत नाही. ते आपले काम नव्हे, असे त्याला वाटते. काही दिवसांनी तोच चोर पीटरच्या घरात शिरतो आणि बेनकाकाचा खून करतो. खुन्याला पकडल्यावर त्याचा चेहरा पाहून पीटरला जे कळते, तेथेच कथा संपते.

या रचनेचे वेगळेपण तिच्या पूर्वसूरींशी तुलना केली असता स्पष्ट होते. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन आपल्या ग्रहाच्या विनाशातून वाचलेले अर्भक आहे. १९३९ साली अवतरलेल्या बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. दोघेही आपत्तीचे बळी होत. आपत्तीचे कारण नव्हेत. पीटर मात्र शोकग्रस्त असून शिवाय अपराधीही आहे. त्याचा अपराधही विलक्षण प्रकारचा आहे. त्याने काही केले म्हणून नव्हे, तर जे सहज करता आले असते ते केले नाही म्हणून तो अपराधी ठरतो. कोणतेही न्यायालय त्याला शिक्षा करणार नाही. घडलेले कोणाला सांगितले नाही तर ते कोणाला कळणारही नाही. यामुळेच हा अपराध कायमचा त्याचा एकट्याचा राहतो आणि पुढील सर्व पराक्रम म्हणजे त्याची न संपणारी परतफेड ठरते.

शक्तीबरोबर जबाबदारीही येते, या आशयाचे जे वाक्य आज बेनच्या तोंडचे म्हणून सर्वतोमुखी झाले आहे, ते मूळ कथेत बेन उच्चारीत नाही. ते शेवटच्या चौकटीत, अंधाऱ्या रस्त्याने एकट्या चाललेल्या मुलाच्या चित्रावर निवेदकाने लिहिलेले आहे. हा तपशील किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. निवेदकाचे वाक्य हे घडून गेलेल्या गोष्टीचे आकलन असते. काकाचे वाक्य हा आधी दिलेला उपदेश होतो. पहिल्यात मुलगा स्वतःच्या चुकीतून शिकतो, तर दुसऱ्यात त्याने वडीलधाऱ्यांचे ऐकले नाही एवढेच उरते. चित्रपटांनी पुढे दुसरा मार्ग पत्करला आणि त्याबरोबर कथेला संस्कारकथेचा किंचित वास लागला.

पहिली फेरी : रायमी यांचे तीन चित्रपट

सॅम रायमी यांच्या २००२ मधील चित्रपटाने मूळ प्रसंगात एक महत्त्वाची भर घातली. मेरी जेनवर छाप पाडण्यासाठी मोटार घ्यावी म्हणून पीटर कुस्तीच्या आखाड्यात उतरतो. जाहीर झालेले तीन हजार डॉलरचे बक्षीस त्याला मिळत नाही. आयोजक शंभर डॉलर हातावर ठेवून त्याची बोळवण करतो आणि तुझ्या गरजेशी मला काय कर्तव्य, असे सुनावतो. पुढच्याच क्षणी त्या आयोजकाला लुटून पळणाऱ्या चोराला पीटर वाट करून देतो व आयोजकाचेच शब्द त्याला परत करतो. प्रेक्षक या वेळी हसतो. हे हसू हा रायमी यांचा खरा सापळा आहे. काही मिनिटांतच रस्त्यावर गर्दी दिसते, पीटर त्यातून वाट काढतो आणि पदपथावर बेन पडलेला असतो. मघाशी हसलेला प्रेक्षक त्या अपराधात सहभागी झालेला असतो. मूळ कथेतील निव्वळ बेपर्वाईला येथे सूडाचे कारण मिळाले, त्यामुळे पीटरचा दोष थोडा सौम्य झाला हे खरे. परंतु तो दोष प्रेक्षकापर्यंत पोहोचला, ही जमेची बाजू अधिक मोठी आहे. त्यात काकापुतण्यांचे शेवटचे बोलणे भांडणाचे असते आणि बेन तेथे आलेला असतो तो पीटरला घरी नेण्यासाठीच.

२००४ च्या दुसऱ्या चित्रपटात हा अपराध उच्चारला जातो. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून पीटर मेकाकूला सांगतो की, तो चोर आपल्यामुळे सुटला. ती काही बोलत नाही. त्याच्या हातातील आपला हात ती काढून घेते आणि उठून निघून जाते. अतिमानवी नायकांच्या चित्रपटांत इमारती कोसळण्याची दृश्ये शेकड्यांनी सापडतील. या काढून घेतलेल्या हाताच्या तोडीचे दृश्य क्वचितच सापडेल. याच चित्रपटात पीटर पिझ्झा पोहोचविण्याची नोकरी गमावतो, त्याचे भाडे थकते, मेकाकूला बँक कर्ज नाकारते. त्याच्या घरमालकाला दिलेले डिट्कोविच हे नाव मूळ चित्रकाराची आठवण करून देणारे आहे. दारिद्र्य आणि अपराधभाव यांची सांगड येथे नेमकी बसते, कारण परतफेड करावयाची तर ती स्वतःच्या तुटपुंज्या वेळातून आणि मिळकतीतूनच करावी लागते.

२००७ च्या तिसऱ्या चित्रपटाने मात्र हे सर्व विसकटले. बेनला मारणारा खरा इसम फ्लिंट मार्को हा दुसराच होता, असे तेथे उघड होते. शेवटी मार्को सांगतो की, साथीदाराने धावत येऊन हात ओढल्याने बंदुकीतून गोळी सुटली. बारकाईने पाहिल्यास पीटरचा दोष यातही उरतोच, कारण धावत आलेला साथीदार म्हणजे पीटरने सोडून दिलेला तोच चोर होय. परंतु चित्रपट या धाग्याकडे वळूनही पाहत नाही. पीटर मार्कोला क्षमा करतो आणि प्रकरण मिटते. ज्याने क्षमा मागावयाची तोच क्षमा करणारा झाला, ही या मालिकेतील पहिली मोठी हानी आहे आणि ती पुनरारंभाच्या आधीच घडली आहे. पुनरारंभानेच मूळ कथेचा सत्यानाश केला असे जे सरसकट बोलले जाते, ते म्हणूनच तपासून घेतले पाहिजे.

कराराची मुदत

सोनी कंपनीने १९९९ साली मार्व्हलकडून या पात्राचे चित्रपटाचे हक्क मिळविले. हे हक्क सशर्त होते. ठरावीक मुदतीत नवा चित्रपट निघाला नाही तर हक्क मार्व्हलकडे परत जाणार होते. २००९ मध्ये डिस्ने कंपनीने मार्व्हल विकत घेण्याचा निर्णय जाहीर केल्यावर या अटीला निराळेच वजन प्राप्त झाले. रायमी यांचा चौथा चित्रपट मे २०११ मध्ये यावयाचा होता. पटकथा मनासारखी होईना, तारीख पाळणे अशक्य झाले आणि जानेवारी २०१० मध्ये तो रद्द होऊन पुनरारंभाची घोषणा झाली. मे २००७ नंतर पुढचा चित्रपट पडद्यावर आला तो जुलै २०१२ मध्ये.

हक्क टिकविण्यासाठी चित्रपट काढणे ही हॉलिवूडमध्ये नवी गोष्ट नव्हे. ‘फॅन्टास्टिक फोर’ या पात्रांवर १९९४ साली अल्प खर्चात एक चित्रपट पूर्ण करण्यात आला आणि तो कधी अधिकृतपणे प्रदर्शितच झाला नाही. परंतु कारण व्यापारी आहे एवढ्याने फळ निकृष्ट ठरत नाही. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’च्या फजितीनंतर निर्मात्यांना मोलाचे पात्र वाया जाऊ द्यावयाचे नव्हते, म्हणूनच २००५ चा ‘बॅटमॅन बिगिन्स’ निघाला; आणि तो उत्तम निघाला. ख्रिस्तोफर नोलन यांनी तेथे काय केले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९८९ च्या टिम बर्टन यांच्या चित्रपटात बॅटमॅनच्या आईवडिलांचा खुनी पुढे जोकर झालेला इसमच होता. म्हणजे नायक आणि खलनायक यांचा हिशेब सरळ होता. नोलन यांनी खुनी पुन्हा एक क्षुल्लक लुटारू केला, आणि त्या रात्री नाट्यगृहात लहानगा ब्रूस घाबरला म्हणून कुटुंब लवकर बाहेर पडले, असा तपशील घातला. आपल्यामुळे हे घडले हे ओझे त्यामुळे मुलाच्या शिरावर आले. स्पायडर-मॅनच्या कथेचा जो गाभा, तो बॅटमॅनने उसना घेतला असे म्हणावयास हरकत नाही. पुनरारंभ यशस्वी झाला तो या बदलामुळे. त्या चित्रपटाचा काळोखा रंग आणि गंभीर सूर पुढे अनेकांनी उचलला. हा बदल फारसा कोणी उचलला नाही.

दुसरी फेरी : अपघाताऐवजी वारसा

मार्क वेब यांच्या २०१२ च्या चित्रपटावर मुख्य आक्षेप घेतला गेला तो ‘इतक्या लवकर तीच गोष्ट पुन्हा कशाला’ असा. हा आक्षेप वरवरचा आहे. माहीत असलेली कथा पुन्हा ऐकण्याचा कंटाळा आपल्याकडील श्रोत्याला तरी येत नाही. कीर्तनाला बसलेल्या कोणालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. कंटाळा पुनरुक्तीचा नसतो, निष्कारण पुनरुक्तीचा असतो. वेब यांनी बेनचा मृत्यू पुन्हा दाखविला. त्याच्या मागचे कारण मात्र ढिले केले.

येथे कुस्ती नाही, बक्षीस नाही. काकाशी भांडून बाहेर पडलेला पीटर एका दुकानात दूध घ्यावयास जातो. काही सेंट कमी पडतात म्हणून विक्रेता दूध देत नाही. तेवढ्यात एक तरुण गल्ल्यातील पैसे उचलतो व जाता जाता दुधाची बाटली पीटरकडे फेकतो. विक्रेता मदत मागतो, पीटर त्याचेच शब्द त्याला ऐकवितो. रायमी यांच्याच प्रसंगाची ही नक्कल आहे, आणि नकलेत मूळचा डाव हरविला आहे. पुढे बेन त्या चोरापुढे येतो, झटापट होते, गोळी सुटते. मनगटावर ताऱ्याचे गोंदण असलेल्या त्या खुन्याचा पीटर काही काळ शोध घेतो. नंतर एका राक्षसी सरड्याचे प्रकरण सुरू होते आणि खुनी राहूनच जातो. सर्वपरिचित वाक्य टाळण्यासाठी बेनच्या तोंडी तोच आशय लांबण लावून घातला आहे. ज्या कथेत काहीही वेगळे सांगावयाचे नाही, ती वेगळ्या शब्दांत सांगण्याची धडपड त्यातून दिसते.

याहून गंभीर बदल पीटरच्या आईवडिलांच्या संदर्भात आहे. मूळ कथेत कोळ्याने कोणालाही दंश केला असता. तो पीटरला झाला हा निव्वळ योगायोग. या फेरीत पीटरचे वडील शास्त्रज्ञ आहेत, त्यांचे गुप्त संशोधन आहे, आणि २०१४ च्या दुसऱ्या भागात असे उघड होते की, कोळ्यांच्या निर्मितीत त्यांनी स्वतःचेच जनुकीय द्रव्य वापरले होते. म्हणून ही शक्ती त्यांच्या रक्ताच्या माणसालाच लाभू शकत होती. एका वाक्यात सारा अर्थ उलटला. क्वीन्समधील कोणताही मुलगा आता स्पायडर-मॅन होऊ शकत नाही. ते कुळात असावे लागते. कुळावरून पात्रता ठरविण्याची रीत ज्या समाजाला फार जवळून माहीत आहे, त्या समाजातील वाचकाला या बदलातील खोट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याला शक्ती वारशाने मिळाली त्याची जबाबदारीही वारशानेच येते. अपराधातून ती येण्याचे कारण उरत नाही.

तथापि या फेरीतील एका गोष्टीची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. पोलीस अधिकारी स्टेसी मरताना पीटरकडून वचन घेतात की, आपल्या मुलीला तो या धोक्यापासून दूर ठेवील. पीटर ते वचन मोडतो. २०१४ च्या चित्रपटात ग्वेन उंचावरून कोसळते, त्याने सोडलेला धागा तिच्यापर्यंत पोहोचतोही, पण क्षणभर उशिरा. या मृत्यूत पीटरचा स्वतःचा वाटा आहे, तो त्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच संपूर्ण फेरीतील हा एकच प्रसंग प्रेक्षकांच्या स्मरणात टिकला. अँड्र्यू गारफिल्ड व एमा स्टोन यांचा अभिनयही येथे सर्वोत्तम आहे. पण तोवर मालिकेचे गाडे रुतले होते. २००७ च्या चित्रपटाने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर मिळविले होते; २०१२ च्या चित्रपटाने सुमारे ७५ कोटी आणि २०१४ च्या चित्रपटाने सुमारे ७१ कोटी मिळविले. आकडे लहान नाहीत, मात्र उतार स्पष्ट आहे.

तिसरी फेरी : वगळलेला मृत्यू

फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनी आणि मार्व्हल यांच्यात सहकार्याचा करार जाहीर झाला आणि २०१६ मध्ये टॉम हॉलंड हा तिसरा पीटर ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मध्ये दिसला. जॉन वॉट्स यांनी २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये कोळ्याचा दंश दाखविला नाही, बेनचा मृत्यूही दाखविला नाही. प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे, मग पुन्हा कशाला, हा विचार सुज्ञपणाचा वाटला व त्याचे स्वागत झाले. ‘सिव्हिल वॉर’मध्ये पीटर टोनी स्टार्कला एवढेच सुचवितो की, शक्ती असून आपण काही केले नाही आणि वाईट घडले, तर ते आपल्यामुळे घडते. हॉलंड हे वाक्य चाचरत, जमिनीकडे पाहत उच्चारतो. या एका क्षणात संपूर्ण जन्मकथा सामावली आहे आणि संयमाचा तो उत्तम नमुना होय.

दुर्दैवाने पुढे तो धागा सोडून देण्यात आला. मृत्यू वगळणे निराळे आणि अपराध वगळणे निराळे. बेनची रिकामी जागा स्टार्कने घेतली. पीटरला पोशाख स्टार्क देतो, तोच तो काढून घेतो, शाबासकी त्याचीच हवी असते. परतफेड करणारा मुलगा उमेदवारी करणारा मुलगा झाला. या चित्रपटातील खलनायक टूम्स हा एक कंत्राटदार आहे. ढिगारे उपसण्याचे त्याचे काम स्टार्कचा हात असलेल्या सरकारी यंत्रणेने हिरावून घेतलेले असते. म्हणजे कष्टकऱ्याचे गाऱ्हाणे खलनायकाच्या वाट्याला आले आणि क्वीन्सचा नायक अब्जाधीशाच्या बाजूला जाऊन उभा राहिला! ढिगाऱ्याखाली अडकलेला पीटर आधी मदतीसाठी आक्रोश करतो आणि नंतर एकट्याच्या बळावर तो भार उचलतो, हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. तेथे त्याच्या अंगावर स्टार्कचा पोशाख नसतो, हे सूचक आहे.

२०२१ च्या ‘नो वे होम’ने ही चूक ओळखलेली दिसते. येथे मेकाकू मरते, आणि जबाबदारीविषयीचे ते वाक्य या फेरीत प्रथमच, तिच्या तोंडून, ऐकू येते. परंतु हा मृत्यू मूळ मृत्यूची जागा घेऊ शकतो काय? अन्य विश्वांतून आलेल्या खलनायकांना मृत्यूकडे परत पाठविण्याऐवजी बरे करावे, असा आग्रह मेकाकूचा असतो. पीटर तो मानतो आणि त्या दयेची किंमत तिच्या प्राणांनी मोजावी लागते. १९६२ च्या कथेत बेन मेला तो पीटरने योग्य गोष्ट केली नाही म्हणून. येथे मेकाकू मेली ती त्याने योग्य गोष्ट केली म्हणून. दोन्ही मृत्यूंवर एकच वाक्य कोरता येत नाही. पहिल्यात ते वाक्य पश्चात्तापाचे आहे, दुसऱ्यात सांत्वनाचे. तरीही या चित्रपटाच्या अखेरीस पीटरला सारे जग विसरते, तो एका लहानशा भाड्याच्या खोलीत एकटाच राहावयास जातो आणि स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. तीन चित्रपटांनंतर कथा जेथून सुरू व्हावयास हवी होती तेथे येऊन पोहोचली.

याच चित्रपटात तिन्ही फेऱ्यांतील तिन्ही पीटर एकत्र येतात आणि आपापली मृत माणसे एकमेकांना सांगतात. पुढे एम. जे. उंचावरून कोसळते तेव्हा तिला वाचवितो तो गारफिल्डचा पीटर. तिला जमिनीवर उतरविल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे. पुनरारंभाच्या करारानुसार २०१४ ची ग्वेन कधी जगलीच नव्हती. पण प्रेक्षागृहातील प्रत्येकाला ती आठवते, आणि दृश्याचा सारा परिणाम त्या आठवणीवर उभा आहे.

पवित्र प्रभाकर आणि माइल्स मोरालेस

मूळ कथेचे जवळजवळ सर्व बाह्य तपशील बदलूनही तिचा गाभा राखता येतो, याचे एक उदाहरण मुंबईशी निगडित आहे. २००४ साली गॉथम कॉमिक्सने ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग यांची ही निर्मिती होती. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत शिकावयास आलेला, धोतर नेसणारा मुलगा आहे. त्याची शक्ती प्रयोगशाळेतून नव्हे तर एका योग्याकडून येते आणि त्याचे शत्रू राक्षस आहेत. ही रंगरंगोटी पुष्कळ ठिकाणी हास्यास्पद आहे. परदेशी ग्राहकाने कल्पिलेला भारत तिच्यात जागोजाग डोकावतो. परंतु एका स्त्रीला काही पुरुषांनी घेरलेले असताना शक्तिमान पवित्र तेथून निघून जातो, आणि तिच्या मदतीला धावलेला भीमकाका मारला जातो. चोराऐवजी आक्रोश करणारी स्त्री आली, न्यूयॉर्कऐवजी मुंबई आली. न केलेल्या कृतीचा अपराध मात्र जसाच्या तसा राहिला. वीस कोटींहून अधिक डॉलर खर्चून काढलेल्या २०१२ च्या चित्रपटाला जे साधले नाही, ते या छोट्या चित्रकथेला साधले.

हाच पवित्र प्रभाकर २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सचेतपटात ‘मुंबट्टन’ नावाच्या नगरात भेटतो. हा चित्रपट भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला होता. येथील पवित्र सुखवस्तू, सुकेश आणि निर्धास्त आहे. सगळे फार सोपे आहे असे तो स्वतःच सांगतो. त्याच्या नगरात इन्स्पेक्टर सिंग यांना मृत्यूपासून वाचवितो तो दुसऱ्या विश्वातून आलेला माइल्स मोरालेस. आणि ती घोडचूक ठरते! कारण मिगेल ओहारा या नायकांच्या प्रमुखाच्या मते प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही मृत्यू अटळ असतात. ते टळले तर त्याचे विश्वच कोसळते.

२०१८ च्या पहिल्या भागात प्रत्येक स्पायडर-मॅन तीच जन्मकथा त्याच ठरावीक शब्दांत सांगत होता आणि ती गंमत होती. येथे त्या गमतीचा कायदा झाला. ओहारा माइल्सला जे दाखवितो ते म्हणजे एका परीने साऱ्या पुनरारंभांची खतावणीच आहे : काका मरतो, पोलीस अधिकारी मरतो, पुन्हा काका मरतो. या खतावणीत मृत्यूंच्या नोंदी आहेत; त्यांच्या कारणांसाठी रकाना नाही. पुढचा मरणारा अधिकारी माइल्सचा बाप आहे आणि माइल्सने स्वस्थ बसावे, अशी सर्वांची अपेक्षा आहे. परंतु संकट दिसत असता, रोखण्याची शक्ती असता, बाजूला उभे राहणे हाच तर १९६२ मधील पीटरचा अपराध होता. चोराला वाट करून द्यावी असे ज्यांना आयुष्यभर पश्चात्तापाने पोळले ते सारे जण आता एका मुलाला तेच करावयास सांगत आहेत. माइल्स नकार देतो. शेकडो स्पायडर-मॅन त्याच्या मागे लागतात.

चित्रपट अर्ध्यावर थांबतो. माइल्सच्या वडिलांचे काय होते, ते त्यात कळत नाही. अखेरच्या दृश्यात ग्वेन त्याला सोडविण्यासाठी जी मोजकी मंडळी जमविते, तीत पवित्र प्रभाकर आहे.